कॉलेज नंतर, आधी विषय

चिमू, तुझ्या आईचा, म्हणजे मावशीचा, फोन येऊन गेला. दहावीला ८४ टक्के! मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. पण मावशी म्हणाली, तू कालपासून गप्पगप्प आहेस. मैत्रिणींना नव्वदच्या वर आहेत आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळ्यांचे टक्के फिरतायत. तो ग्रुप आधी म्यूट कर. ८४ टक्क्यांत घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली एवढ्या पट्ट्यात तुला हवं ते शिकता येईल, हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. मला तुझी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

घरात सध्या एकच चर्चा चाललीय ना? ‘कुठलं कॉलेज?’ काका म्हणतात झुनझुनवाला कॉलेज, कारण ते घाटकोपर स्टेशनच्या जवळ. मावशी सोमय्या म्हणते, कारण तिच्या मैत्रिणीची मुलगी तिथे होती. आत्याला वाटतं तू मुलुंडला वझे-केळकरला यावंस, म्हणजे येताजाता आमच्याकडे डोकावशील. सगळे प्रेमानेच बोलतायत. पण ‘विषय कुठले घेणार?’ हे तुला कुणी विचारलंय का? मला वाटतं, नाही. तो प्रश्न प्रवेश पक्का करायच्या दिवशी विचारतात. कॉलेजच्या खिडकीवर एक कागद हातात देतात, मागे रांग असते, बाबा घड्याळ बघत असतात आणि शेजारची मुलगी जे लिहील तेच आपण लिहितो. त्या पाच मिनिटांत पुढची दोन वर्षं ठरतात, आणि बरेचदा त्यानंतरची पाचही. म्हणून तो कागद आपण आजच भरू. पेन्सिलीने.

चौकट सोपी आहे. अकरावी-बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. दुसरी जागा बहुतेकांची भाषेची असते: मराठी, हिंदी, कुठे गुजराती, संस्कृत, फ्रेंच, जर्मन. पुष्कळ कॉलेजं तिथे आयटीचा पर्याय देतात. उरलेल्या चार जागा तुझ्या शाखेच्या. शिवाय पर्यावरण आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण असतं, त्यांना श्रेणी मिळते. दुर्लक्ष करू नकोस, पण त्यावरून झोपही उडवू नकोस. प्रत्येक कॉलेज प्रत्येक विषय शिकवत नाही, हे मात्र नीट लक्षात ठेव. एखाद्या कॉलेजात मानसशास्त्र नसतंच, कुठे कॉमर्सला गणिताची एकच तुकडी असते, कुठे फ्रेंच असतं पण संस्कृत नसतं. विषय आधी ठरले तर कॉलेजांची यादी आपोआप छोटी होते. उलट केलंस तर कॉलेज मिळतं आणि विषय हातचा जातो.

आता सायन्स. तुमच्या मजल्यावरचे काका तुला म्हणाले असतील, ‘सायन्स घे, सगळी दारं उघडी राहतात. सायन्समधून कॉमर्सला जाता येतं, कॉमर्समधून सायन्सला नाही.’ हे वाक्य आपल्या उपनगरांत प्रत्येक जिन्यात ऐकू येतं. ते खोटं नाही. पण अर्धंच आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून दरवर्षी कितीतरी मुलं आपल्याला नको असलेले विषय दोन वर्षं ओढत नेतात. दार उघडं राहण्यासाठी गुण लागतात गं. बी.कॉम., बी.ए. यांचे प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतात, आणि पुष्कळ पदवी कॉलेजं आपल्याच ज्युनियर कॉलेजच्या मुलांना आधी घेतात. फिजिक्सशी झगडून ५० टक्के मिळवलेली मुलगी चांगल्या कॉलेजात बी.कॉम.ला गेली, की तिच्यापुढे कॉमर्समधून ८५ आणलेल्यांची रांग उभी असते. तेव्हा ते उघडं दार तिच्या कामाचं राहत नाही.

सायन्सच्या आतही दारं वेगवेगळी आहेत, आणि हे कुणी समजावून सांगत नाही. फिजिक्स-केमिस्ट्री दोघांत समान. मग गणित घेतलंस तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, संख्याशास्त्र. बायॉलॉजी घेतलंस तर नीट, म्हणजे एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद. फार्मसीला दोन्हींतलं एक चालतं. दोन्ही एकत्र घेतलंस, ज्याला सगळे पीसीएमबी म्हणतात, तर सगळंच शिल्लक राहतं. पण त्याचा भार खराच मोठा असतो. ‘राहू दे दोन्ही, नंतर बघू’ म्हणून घेऊ नकोस. दोन्हींची मनापासून ओढ असेल आणि निर्णयाला खरंच वेळ हवा असेल तरच घे.

आणि बायफोकल. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की त्याचे २०० गुण असतात. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी ते येतं. कॉम्प्युटर सायन्सच्या दोन पेपरांत प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रात्यक्षिकाचे, त्यामुळे टक्के छान येतात आणि मुलांना आवडतंही. पण इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि वर हे २०० म्हटलं, की बायॉलॉजीला जागा उरत नाही. ज्या मुलीच्या मनात कुठेतरी डॉक्टर व्हायचं आहे तिने ‘स्कोअरिंग आहे’ म्हणून बायफोकलवर खूण केली, तर नीटचा रस्ता तिथेच अवघड होऊन बसतो. बायफोकलची फीसुद्धा वेगळी असते, ती आधी विचारायची.

सायन्स घेणाऱ्या मुलांना मी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. महाराष्ट्रातले इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतात, बारावी तिथे पात्रतेपुरती लागते. त्या सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि ८० टक्के बारावीचा. नीट आणि जेईईमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यास येतो. म्हणजे ‘अकरावी आरामाची’ हे जे मोठी मुलं सांगतात ते सायन्सवाल्यांना अजिबात लागू नाही.

तुझा कल मात्र मला कॉमर्सकडे वाटतो. तू नववीत आजोबांच्या पेन्शनचा हिशेब मांडून दिला होतास, ते मी विसरलेले नाही. मी स्वतः कॉमर्सची, म्हणून इथे जरा लांबण लावते.

अर्थशास्त्र, बुक-कीपिंग आणि ओसी, म्हणजे वाणिज्य संघटन, हे बहुतेक सगळ्यांना असतात. बुक-कीपिंग सगळ्यांनाच नवं. दहावीला ९५ वाली आणि ६५ वाली तिथे एकाच ओळीत उभ्या असतात, म्हणून पहिल्या दोन महिन्यांतला एकही तास चुकवू नकोस. डेबिट-क्रेडिट एकदा डोक्यात बसलं की दोन वर्षं सोपी. खरी निवड पुढे येते: गणित की एसपी? एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती: कंपनीची पत्रं, सभा, शेअर, डिपॉझिट. विषय वाईट नाही, पाठांतर चांगलं असेल तर गुणही देतो. त्यामुळे मुली घाऊक प्रमाणात गणित सोडून एसपी घेतात. दहावीच्या भूमितीने भाजलेलं असतं ना!

माझं मत स्पष्ट आहे. गणित झेपत असेल तर सोडू नकोस. कॉमर्सच्या गणितात भूमितीची ती प्रमेयं नसतात. कमिशन, विमा, ॲन्युइटी, सहसंबंध, निर्देशांक, थोडं कॅल्क्युलस, लिनियर प्रोग्रॅमिंग. यातलं पुष्कळसं आज मी ऑफिसात रोज वापरते. सी.ए. फाउंडेशन कुठल्याही शाखेतून देता येतं, पण त्यातला एक अख्खा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो. अर्थशास्त्रात पुढे मोठ्या संस्थेत जायचं असेल तर बारावीचं गणित मागतात. डेटाशी संबंधित पदवी अभ्यासक्रमांनाही अनेक ठिकाणी ते लागतं. माझ्या बॅचमधल्या एका मैत्रिणीला तिसऱ्या वर्षाला कळलं की तिला अर्थशास्त्रात एम.ए. करायचंय, बारावीला गणित नसल्यामुळे तिला आवडत्या दोन ठिकाणी अर्जच भरता आला नाही. हुशार मुलगी, काही चुकलं नव्हतं तिचं. फक्त सोळाव्या वर्षी हे सांगायला कुणी जवळ नव्हतं.

पण दहावीत गणिताने खरंच रडवलं असेल आणि आकडे बघितल्यावर अजूनही पोटात गोळा येत असेल, तर एसपी घे आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. बी.कॉम.ला, वकिलीला, पत्रकारितेला, हॉटेल मॅनेजमेंटला त्यामुळे काहीही अडत नाही.

आयटी की भाषा, हाही प्रश्न येईल. आयटीची परीक्षा कॉम्प्युटरवर होते, गुण चांगले पडतात, त्यामुळे त्याच्या जागा लवकर भरतात. तू मात्र शाळेत मराठीत पहिली येणारी. मराठी घेतलंस तर एक विषय असा राहील ज्यात तुला धडधड होणार नाही, आणि दिवसभर इंग्रजी ऐकल्यावर एक तास श्वास घेता येईल. निर्णय तुझा. ‘मराठी कोण घेतं कॉमर्सला’ असं कुणी म्हटलं म्हणून तेवढं सोडू नकोस.

आर्ट्सचं नाव काढलं की घरात शांतता पसरते, हे मला माहीत आहे. ८४ टक्के आणि आर्ट्स? असा प्रश्न येणारच. पण मानसशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, तर्कशास्त्र, भूगोल यांत मन रमणाऱ्या मुलीने दोन वर्षं बॅलन्स शीट का जुळवावी? पाच वर्षांच्या लॉची सीईटी कुठल्याही शाखेतून देता येते. स्पर्धा परीक्षांचा पाया तिथेच पक्का होतो. तुझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यात सैन्य आहे ना, तिलाही आत्ताच सांगून ठेव: एनडीएची परीक्षा मुलींना २०२१ पासून देता येते, लष्कराच्या शाखेसाठी बारावी कुठल्याही विषयांतून चालते, पण नौदल आणि वायुसेना हवी असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. तिला अजून तीन वर्षं आहेत, आणि तिने ती याच हिशेबाने घालवावीत.

आता माध्यमाचं. तू सेमी-इंग्लिशची, म्हणून गणित-विज्ञानाचे शब्द तरी कानावरून गेलेत. इतिहास-भूगोल मात्र मराठीत झाला. अर्थशास्त्राचं पुस्तक इंग्रजीत उघडशील तेव्हा पहिले पंधरा दिवस आपण कुठल्या परक्या वर्गात येऊन बसलो असं वाटेल. आजूबाजूच्या मुली फाडफाड बोलतील. बोलू देत. फाडफाड बोलणं आणि विषय कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या चाचणीत हे सगळ्यांना कळतं. काही कॉलेजांत कॉमर्स आणि आर्ट्स मराठी माध्यमातही आहे, सायन्स मात्र इंग्रजीतच. तू इंग्रजीतच जा असं मी म्हणेन, पण सुट्टीत दोन कामं कर. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. अर्थशास्त्राचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून पहिले तीन धडे वाच. आणि वर्गात मराठीत शंका विचारायला लाजू नकोस. शिक्षकांपैकी निम्मे तरी आपल्यासारख्याच शाळांतून आलेले असतात.

फॉर्मकडे येऊ. मुंबईत ऑनलाइन प्रवेश २००९ पासून आहेत, २०२५ पासून ते सबंध राज्याला लागू झाले. पसंतीक्रमात तुला दहा कॉलेजं भरता येतात. पहिल्या क्रमांकावर जे लिहिशील ते मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतलास तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दोन ते दहामधलं मिळालं तर थांबून पुढच्या फेरीची वाट बघता येते. म्हणून कुणी म्हणालं, ‘वर एखादं सेफ टाक’, तर ऐकू नकोस. वर तेच लिही जे मिळालं तर तू उड्या मारशील. सेफ कॉलेजं खाली, आणि तीही अशीच की जिथे तुझे विषय आहेत. दहाच्या दहा जागा भर. दरवर्षी काही मुलं तीनच नावं लिहितात आणि मग आईबाबांच्या जिवाला घोर.

एक बारीक गोष्ट पैशांची. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा वेगळ्या तुकड्या असू शकतात आणि पोर्टलवर त्यांचे कोड वेगळे असतात. इमारत तीच, शिक्षकही कधीकधी तेच, फीमध्ये मात्र मोठा फरक. अनुदानित तुकडीत मुलींना शिक्षण शुल्क माफ असतं, इतर किरकोळ शुल्कं भरावी लागतात. कोडसमोर काय लिहिलंय ते बघून अनुदानित आधी लाव. काका कधी बोलून दाखवणार नाहीत, पण आपण बघायला हवं.

कटऑफचा आकडा बघून छातीत धस्स होईल तेव्हा तो एवढा वर का जातो हेही बघ. झुनझुनवाला हिंदी भाषक अल्पसंख्याक संस्थेचं, पार्ल्याचं मिठीबाई गुजराती भाषकांचं. अल्पसंख्याक कॉलेजांत निम्म्या जागा त्या कोट्याच्या. शिवाय इनहाउस कोटा असतो, म्हणजे ज्या संस्थेची शाळा त्याच संस्थेचं कॉलेज: पार्ले टिळकच्या मुलांना साठ्ये, डहाणूकर असतं तसं. वर मॅनेजमेंटच्या जागा. या सगळ्या वजा जाऊन ज्या उरतात त्यांचा तो कटऑफ असतो. कोट्यातल्या न भरलेल्या जागा नंतर केंद्रीय प्रवेशाकडे परत येतात, म्हणून पुढच्या फेऱ्यांत आकडा खाली येऊ शकतो. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून जेवण सोडून बसू नकोस.

अंतराचाही विचार कर, पण अंतर किलोमीटरमध्ये मोजू नकोस. तुला घाटकोपरहून मुलुंड म्हणजे लोकलचा सरळ प्रवास, सकाळी गर्दीच्या उलट दिशेने. सोमय्याचं विद्याविहार तर पुढचंच स्टेशन. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ला सुरू झाल्यापासून अंधेरीसुद्धा जवळ आलंय. माझ्याहून मोठ्या मुलींना दादरला उतरून गाडी बदलावी लागायची, नाहीतर बसने साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकावं लागायचं. तेव्हा अंधेरीची भवन्स, चिनाय ही नावं तू लिहू शकतेस. बोरिवलीचं गोखले मात्र कितीही आवडलं तरी रोज झेपेल का, ते एकदा सकाळी सातला निघून प्रत्यक्ष जाऊन बघ. नकाशावर बघून ठरवू नकोस.

सायन्स घेतलंस तर ‘इंटिग्रेटेड’वाले घरी फोन करतील. फी लाखांत असते. कॉलेजात नाव, शिक्षण क्लासमध्ये, हजेरीचं आम्ही बघतो, असं गोड बोलतील. बोर्डाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे आणि प्रात्यक्षिकं प्रयोगशाळेतच शिकता येतात. पण माझा खरा विरोध वेगळ्या कारणाने आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला दोन वर्षं कॉलेज न देता फक्त सराव परीक्षा द्यायच्या, हे मला मान्य नाही. नाटकाचा ग्रुप, एनएसएस, लायब्ररी, कँटीनमधली भांडणं, वेगळ्या भाषेच्या मैत्रिणी हे सगळं तुझ्या वाट्याचं आहे. क्लास लागलाच तर संध्याकाळचा, घराजवळचा लाव.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण रडवतात तीच. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांच्या प्रती काढून ठेव; दाखल्यावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात तपासून घे, चूक असेल तर शाळेतच दुरुस्त करायची. आपल्याकडे ओबीसीचं जात प्रमाणपत्र आहे, पण नॉन-क्रिमिलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, ते काकांना नवं काढायला सांग. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीनच तालुके. घाटकोपर-मुलुंडकर कुर्ला तालुक्यात येतात, अर्ज भरताना इथेच गोंधळ होतो. आणि पुढे सीईटीवरच्या कुठल्याही अभ्यासक्रमाला राखीव जागेतून जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका, बारावीच्या निकालानंतर धावपळ करायला लावू नका.

अजून एक. अकरावीच्या दिवाळीपर्यंत शाखा अजिबातच रुचली नाही तर मला सांगायचं. रात्री, पहाटे, कधीही. एक वर्ष पुन्हा करून शाखा बदललेल्या मुली मी पाहिल्यात; आज त्यांचं छान चाललंय. मावशी-काकांशी मी बोलेन, ती जबाबदारी माझी.

रविवारी सकाळी ये. काकांनाही घेऊन ये, कारण अर्ध्या गोष्टी त्यांच्यासमोर बोलायला हव्यात. येताना गुणपत्रिका, जातीचं प्रमाणपत्र आणि तुझ्या मनातली कॉलेजं लिहिलेली वही आण. गेल्या वर्षीचे कटऑफ मी पोर्टलवरून काढून ठेवते. आणि विषयांची यादी तू एकटीने बसून, कुणाला न विचारता लिहून आण. त्यावर खाडाखोड असली तरी चालेल.